रेग हॅरिस

हॅरिस, रेग : (१ मार्च १९२०–२२ जून १९९२). ट्रॅक सायकलिंगमधील स्प्रिंट प्रकारात पाच वेळा जगज्जेता ठरलेला इंग्लिश सायकलपटू. जन्म लँकशरमधील बरी शहराजवळ. दुसऱ्या महायुद्धात रणगाडाचालक असताना तो उत्तर आफ्रिकेत जखमी झाला आणि लष्कराने त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले. त्यानंतर तो पुन्हा सायकलीवर बसला आणि १९४७ साली पॅरिसला हौशी गटातला जगज्जेता झाला.

स्प्रिंट हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोड्यात टाकतो. बाहेरच्या कडेने उंच होत गेलेल्या लंबगोल धावमार्गावर दोनच स्पर्धक असतात. सायकलींना ब्रेक नसतो आणि पायडल चाकाबरोबर फिरतच राहते. सुरुवातीला दोघेही अगदी सावकाश चालवतात. पुढे असलेल्याला वारा कापावा लागतो, मागच्याला त्याचा आडोसा मिळतो. म्हणून पुढे कुणी जायचे यावरच डावपेच चालतात. घड्याळाची वेळ धरतात ती फक्त शेवटच्या २०० मीटरची. हॅरिसची ताकद तिथेच होती : प्रतिस्पर्धी सावध होण्याआधी तो एकदम वेग घेई आणि ते अंतर मग भरून निघत नसे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या काही महिने आधी मोटार अपघातात त्याच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. त्यातून उठतो न उठतो तोच शर्यतीत पडून कोपर मोडले. तरीही हर्न हिलच्या ट्रॅकवर त्याने दोन रौप्यपदके मिळवली. एक वैयक्तिक स्प्रिंटमध्ये इटलीच्या मारिओ गेलाच्या मागे, दुसरे ॲलन बॅनिस्टरबरोबर टँडममध्ये, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीवर. ऑलिंपिक सुवर्ण मात्र त्याला कधीच मिळाले नाही. ही दुखापत नसती तर ते मिळाले असते, असे मानायला पुष्कळ जागा आहे.

पुढे व्यावसायिक होऊन त्याने १९४९, १९५०, १९५१ आणि १९५४ अशी चार जागतिक विजेतेपदे जिंकली. रॅले या सायकल कंपनीच्या जाहिरातींमुळे त्याचे नाव ब्रिटनमध्ये घरोघरी पोचले. (महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीलाही ‘रॅले’ ओळखीची, आसनसोलच्या कारखान्यात सेन-रॅले कंपनी सायकली बनवत असे.) ज्या मँचेस्टरच्या फॅलोफील्ड मैदानावर तो घडला, ते त्याने १९५५ साली विकतच घेतले. १९५७मध्ये तो निवृत्त झाला. मँचेस्टरच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानात, आज त्याचा कांस्य पुतळा आहे.

जगज्जेते पुष्कळ झाले, पण हॅरिसची आठवण वेगळी राहिली ती त्याच्या पुनरागमनामुळे. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा स्पर्धेत उतरला आणि १९७४ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, लेस्टरच्या ट्रॅकवर आपल्यापेक्षा कितीतरी तरुण सायकलपटूंना मागे टाकून ब्रिटिश व्यावसायिक स्प्रिंटचे विजेतेपद घेऊन गेला. शक्ती वयानुसार ओसरते, पण समोरच्याची चाल ओळखण्याची नजर त्याच्याकडे शाबूत होती. पुढच्या वर्षी तो याच स्पर्धेत पुन्हा खेळला आणि दुसरा आला.