कॅमेरा, रोबोट आणि युरोपातली क्युरी फेलोशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इमेजिंग किंवा रोबोटिक्समध्ये पीएचडी झाली आहे आणि स्वतःचा विषय युरोपातल्या प्रयोगशाळेत पुढे न्यायचा आहे, अशांसाठी मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. पैसा युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमातून येतो. यातल्या ‘युरोपियन फेलोशिप’ला राष्ट्रीयत्वाची अट नाही आणि कालावधी १ ते २ वर्षांचा असतो. खालचे नियम २०२५ च्या कॉलचे, म्हणजे अर्ज मागवण्याच्या फेरीचे आहेत. ते बदलतात, म्हणून अर्जाआधी चालू वर्षाचा वर्क प्रोग्राम, म्हणजे नियमांचा अधिकृत दस्तऐवज, उघडून पाहाच.

पात्रतेच्या अटी मोजक्याच. अंतिम तारखेपर्यंत पीएचडी हातात हवी, निदान व्हायवा यशस्वीपणे पार पडलेला हवा. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको. करिअरमधला खंड आणि संशोधनाबाहेरची नोकरी त्यात धरत नाहीत. खरी गोची होते ती स्थलांतराच्या अटीत. अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावं. म्हणजे दीड वर्ष जर्मनीत असाल तर जर्मनी बाद. नेदरलँड्स मात्र चालेल. गेल्या कॉलमध्ये त्याच यजमान संस्थेसह ७० टक्क्यांपेक्षा कमी गुण पडले असतील, तर लगेच पुढच्या वर्षी तीच जोडी चालत नाही.

अर्ज तुम्ही एकट्याने टाकायचा नसतो. युरोपीय संघाच्या फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर यजमान संस्थेतला सुपरवायझर मुख्य संपर्क असतो, त्यामुळे आधी सुपरवायझर गाठा. मे महिन्यापर्यंत होकार मिळालेला असला तर लिहायला उसंत मिळते, कारण कॉल साधारण सप्टेंबरात बंद होतो.

कागदपत्रांचा गठ्ठा लागत नाही. भाग ‘अ’ ऑनलाइन फॉर्म आहे. भाग ‘ब१’ म्हणजे मूळ प्रस्ताव, कमाल १० पानांचा. त्यापुढची पानं परीक्षकांना दिसतच नाहीत. ‘ब२’ मध्ये सीव्ही, संस्थेची क्षमता आणि नैतिकतेची माहिती येते. फेलोशिपच्या शेवटी कंपनीत किंवा इतर बिगर-शैक्षणिक संस्थेत ६ महिन्यांपर्यंतची जोड-नेमणूक मागता येते. रोबोट प्रयोगशाळेबाहेर चालवून पाहायचा असेल तर ती मागावीच, पण तिथलं हमीपत्र जोडायला विसरू नका.

पॅनेल, म्हणजे अर्ज तपासणारा विषयवार परीक्षक गट, निवडताना घाई नको. वैद्यकीय इमेजिंगचा प्रस्ताव ‘माहितीशास्त्र आणि अभियांत्रिकी’ किंवा जीवशास्त्र, दोन्ही पॅनेलांकडे जाऊ शकतो, आणि तुम्ही दिलेल्या कीवर्डवरून परीक्षक ठरतात. नवेपणा प्रतिमा पुनर्रचनेच्या अल्गोरिदममध्ये असेल, तर प्रस्ताव जीवशास्त्राच्या पॅनेलकडे पाठवून तुमचं नुकसानच होईल. गुणांची वाटणी उत्कृष्टता ५०, परिणाम ३० आणि अंमलबजावणी २० टक्के अशी आहे.

नैतिकतेच्या तक्त्यात रोबोटिक्सवाले बिनधास्त ‘नाही, नाही’ टिकमार्क करत जातात. समजा, फुटपाथवर चालणारा डिलिव्हरी रोबोट आहे आणि त्यावर रंगीत व खोली टिपणारा कॅमेरा. समोरून येणाऱ्याचा चेहरा टिपला गेला की तो वैयक्तिक डेटा झाला आणि जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा, लागू झाला. मग चेहरे रोबोटवरच धूसर करणार, की फक्त खोलीची प्रतिमा साठवणार, डेटा किती दिवस ठेवणार, हे लिहावं लागतं. थर्मल कॅमेरा किंवा ड्रोन असेल तर दुहेरी वापराचा, म्हणजे लष्करी उपयोगाचा प्रश्नही तपासा. नावं काढून टाकलेले एमआरआय स्कॅनही कोडवरून रुग्णापर्यंत पोहोचत असतील, तर ते निनावी ठरत नाहीत.

पैशांबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. २०२५ मधला मासिक निर्वाह भत्ता ५,९९० युरो होता, पण तो हातात पडणारा पगार नव्हे. त्यावर राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे देशानुसार गुणांक लागतो, मालकाचं सामाजिक सुरक्षेचं अंशदानही त्यातूनच जातं आणि वर कर. आकडा यजमान संस्थेच्या एचआरकडून काढून घ्या.

स्पर्धा वाढली आहे: २०२४ मध्ये १०,३६० अर्ज होते, २०२५ मध्ये १७,०५८. अंतिम वेळ ब्रुसेल्सची संध्याकाळी ५ची, भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ. तोपर्यंत अर्ज कितीही वेळा बदलून टाकता येतो, म्हणून पहिली आवृत्ती आठवडाभर आधी चढवून ठेवा. ८५ किंवा त्याहून जास्त गुण मिळूनही निधी न मिळाल्यास ‘सील ऑफ एक्सलन्स’ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं, आणि काही देश त्यावर स्वतःच्या तिजोरीतून पैसे देतात.