पार्श्वभूमी: निवळीची बी, काळा गाळ आणि भारित साखळ्या

पावसाळ्यात पूर्णा नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं येतं. काठच्या जुन्या घरांतली पद्धत अशी: निवळी या झाडाची बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासायची, पाणी भरून रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वर नितळ पाणी, बुडाशी गाळ. संस्कृतात याच झाडाला कतक म्हणतात. एवढा जुना इतिहास पुरे, कारण बी नेमकं करते काय, हा प्रश्न अलीकडचा.

उत्तर ‘अधिशोषणा’त, म्हणजे एखादा पदार्थ दुसऱ्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसण्यात आहे. या अर्थाचा युरोपीय शब्द 1881 मध्ये जर्मनीत रूढ झाला. तेव्हा विषय होता वायूंचा. लांब साखळीचा रेणू पृष्ठभागावर कसा बसतो, हे चित्र 1950च्या दशकात आलं: काही भाग चिकटलेला, काही कमानीसारखा उचललेला, टोकं पाण्यात मोकळी.

घोळ विद्युत भाराचा आहे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार. शेवग्याच्या बियांतली प्रथिनं धनभारित, ती चिकटतात यात नवल नाही. पण 1970च्या दशकातल्या भारतीय अभ्यासांत निवळीच्या बीतले लांब साखळीचे रेणू ऋणभारित ठरले. मग ऋण ऋणाला धरतं कसं? विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, एवढ्यावर थांबणारी पाठ्यपुस्तकं इथे कमी पडतात, असं माझं मत. पाण्यातला कॅल्शियम एका हाताने माती धरतो, दुसऱ्याने साखळी. मातीच्या कणांच्या कडांवर थोडा धन भारही असतो. शिवाय एकच साखळी दोन कणांना बांधते. मात्र साखळ्या फार झाल्या की प्रत्येक कणावर त्यांचंच आवरण बसतं, पूल बांधायला मोकळी जागा उरत नाही आणि गाळ तरंगतच राहतो. बी दोन-चार वेढेच घासायची, ते यासाठी.

1950च्या सुमारास अमेरिकेत हेच तत्त्व जमिनीची पोत सुधारायला विकलं गेलं. गाजावाजा मोठा, भाव त्याहून मोठा, म्हणून ते मागे पडलं. 1990च्या दशकात तिकडेच ऋणभारित पॉलिअॅक्रिलामाइड (लांब साखळीचं एक कृत्रिम रसायन) सरीच्या पाण्यात अगदी थोडं सोडून माती वाहून जाणं खूप कमी करता आलं.

आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारट भागात, अडचण वेगळी. इथल्या मातीत सोडियम जास्त, त्यामुळे कण सुटे होतात आणि पूल बांधायला कॅल्शियम अपुरा पडतो. साखळी कितीही चांगली असली तरी आधी कॅल्शियम देणारं जिप्सम टाकावं लागतं.