१५८.३ रेटिंग म्हणजे एकही पास न चुकणं नव्हे

अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगमध्ये महान क्वार्टरबॅक (चेंडू फेकून पास देणारा मुख्य खेळाडू) कोण, या वादात एक समज कायम फिरतो: पासर रेटिंग (पास फेकण्याच्या कामगिरीचा आकडा) १५८.३ म्हणजे एकही पास वाया गेला नाही. या आकड्याला ‘परफेक्ट’ म्हणतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण सूत्रात चार घटक आहेत आणि प्रत्येकाला २.३७५ ची मर्यादा. पूर्ण पास (सहकाऱ्याने झेललेले) ७७.५ टक्के, दर प्रयत्नामागे १२.५ यार्ड, टचडाउन (पासवर थेट गोलक्षेत्रात मिळवलेले गुण) ११.८७५ टक्के, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) शून्य. इथे मर्यादा गाठली जाते, पुढचं जमेस धरत नाहीत. बेरीज ९.५. तिला ६ ने भागून १०० ने गुणा.

पडताळून पाहा: २० प्रयत्न, १६ पूर्ण, २५० यार्ड, ३ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. चार पास हुकूनही १५८.३. उलट २० पैकी २० पूर्ण, पण १५० यार्ड आणि १ टचडाउन असेल तर फक्त ११४.६! शिवाय सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), फंबल (हातातला चेंडू निसटणं) आणि क्वार्टरबॅकने स्वतः धावून काढलेले यार्ड यात मोजतच नाहीत.