लॅचमध्ये किल्ली तुटते आणि निघत नाही, हे मुळात सुरू कुठून झालं

गेल्या पावसाळ्यात आमच्या दाराच्या लॅचमध्ये किल्ली तुटली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने नेहमीसारखी किल्ली फिरवली तर चिमटीत नुसतं डोकं राहिलं आणि बाकीचा तुकडा आत. कोपऱ्यावरचे चावीवाले काका आले आणि कुलूप बघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, सरळ असताना तुटली की फिरवलेली असताना? आणि नंतर आत काही घातलंत का?" तेव्हा मला वाटलं हे कशाला विचारतायत, पण नंतर कुलपांबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं की अख्खी गोष्ट त्या पहिल्या प्रश्नातच आहे.

कारण किल्ली तुटून आत अडकणं हा तसा नवा त्रास आहे. माझ्या आजोळच्या वाड्याची किल्ली अजून आईकडे आहे, वीतभर लांब, लोखंडी, करंगळीएवढी जाड दांडी आणि टोकाला चौकोनी पाखं. ती तुटेल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसेल, आणि समजा तुटलीच असती तरी त्या कुलपाचं भोक एवढं मोठं की पक्कड घालून तुकडा ओढता आला असता. जुन्या किल्ल्या अशा दणकट असायचं एक साधं कारण होतं, कुलूप दाराच्या आतल्या बाजूला बसवलेलं आणि बाहेरून किल्ली घालायची तर ती दाराच्या जाडीइतकी लांब हवीच, आणि लांब म्हणजे जाडही हवी. (जाता जाता, कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि चावी पोर्तुगीजमधून, म्हणजे एका जुडग्यात दोन समुद्रांपलीकडचे शब्द.)

आजच्या लॅचच्या आत बारीक पिना असतात, किल्लीने त्या उचलल्या की कुलूप उघडतं, आणि ही पिनांची कल्पना मात्र खूप जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपं होती, अडसरात वरून लाकडी खुंट्या पडायच्या आणि दात असलेली मोठी लाकडी किल्ली खालून घालून त्या खुंट्या उचलल्या की अडसर सरकायचा. पुढे इंग्लंडमध्ये 1778 साली रॉबर्ट बॅरनने लिव्हरचं, म्हणजे किल्लीने आतल्या पट्ट्या उचलायचं कुलूप काढलं, 1784 मध्ये जोसेफ ब्रामाने त्याचं गोल किल्लीचं, 1818 मध्ये जेरेमाया चबने. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चबचं आणि ब्रामाचं, दोन्ही कुलपं उघडून दाखवली आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. या सगळ्यांना काळजी चोराची होती, किल्ली तुटण्याची नाही.

मग आले अमेरिकेतले येल बापलेक. लायनस येल थोरल्याने 1848 मध्ये ती पिनांची जुनी कल्पना धातूत उतरवली, आणि धाकटा, जो आधी पोर्ट्रेट रंगवायचा, त्याने 1861 आणि 1865 च्या पेटंटमधून आपल्या लॅचमध्ये आज असतो तो प्रकार पक्का केला. एक छोटं सिलिंडर, त्यात फिरणारा गाभा, आणि चपटी, कडेला खाचा असलेली किल्ली. हे सिलिंडर दाराच्या बाहेरच्या अंगाला बसतं म्हणून किल्लीला दाराच्या जाडीशी काही देणंघेणं उरलं नाही आणि ती खिशात मावायला लागली. केवढी मोठी सोय आहे ही, खरंच! कंपनी 1868 मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धाकटा येल वारला, त्याला आपली किल्ली जगभर गेलेली बघायला मिळालीच नाही.

पण या सोयीची किंमत पण तिथेच आहे. किल्ली पातळ झाली, वर तिच्या कडेला खाचा कापल्या, म्हणजे जिथे खोल खाच तिथे धातू अगदी थोडा उरतो. रोज चार-सहा वेळा पिळ बसतो, तिथे आधी केसासारखी चीर पडते आणि एक दिवस तुकडा पडतो. बाजारात करून घेतलेली डुप्लिकेट बहुतेक पितळेची असते, पितळ मऊ. त्यात कोकणातला-मुंबईचा पाऊस, आत गंज, कुलूप जड फिरतं, आपण जोर लावतो.

आणि तुकडा निघत का नाही? किल्ली आत गेली की स्प्रिंगने दाबलेल्या पिना खाचांमध्ये बसतात. गाभा सरळ असेल तर त्या वरखाली होऊ शकतात, म्हणजे तुकडा ओढला तर पिना उचलल्या जातात आणि तो येतो. पण गाभा थोडा जरी फिरलेला असेल तर पिना आतल्या आत कैद होतात, त्यांना वर जायला जागाच नसते, आणि तुकडा कितीही ओढा, हलत नाही. म्हणून काकांचा तो प्रश्न.

आपल्याकडे ही चपटी किल्ली घरोघरी पोचली ती फ्लॅट संस्कृतीबरोबर. त्याआधी राज्य होतं पॅडलॉकचं, म्हणजे कडीकोयंड्याला लावायचं कुलूप. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, वकिली सोडून आलेला माणूस, आणि त्यांच्या कंपनीचं 1954 चं नवताल नावाचं कुलूप तर आमच्या गावच्या प्रत्येक दुकानाच्या शटरला दिसायचं. उत्तरेत अलीगढ, दक्षिणेत दिंडिगल ही कुलपांचीच गावं. लिव्हरच्या जुन्या पॅडलॉकमध्ये किल्ली तुटली तर कधीकधी कुलूप उलटं धरून टिचक्या मारल्या तरी तुकडा खाली येतो, भोक मोकळं असतं ना. लॅचमध्ये ती सोय गेली.

आमची किल्ली फिरवलेली असताना तुटली होती. काकांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने गाभा अलगद सरळ केला, म्हणजे किल्ली आत घालताना असतो तसा. तेल नाही घातलं, तेलाला धूळ चिकटते म्हणे, पेन्सिलचं शिसं कुटून त्याची भुकटी फुंकली. मग नक्षीकामाच्या करवतीचं दोऱ्यासारखं पातं घेतलं, दात बाहेरच्या बाजूला ठेवून खाचांच्या अंगाने आत सरकवलं, जरासं तिरकं केलं आणि हळू ओढलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा तुकड्याचं पिवळं टोक भोकातून डोकावलं आणि त्यांनी ते चिमट्याने धरलं. काहीजण तुटलेल्या डोक्याला फेविक्विक लावून आत चिकटवायला बघतात, त्याबद्दल काका फार कळकळीने बोलले, गोंद पिनांमध्ये उतरला की सगळं सिलिंडरच बदलावं लागतं, आणि डोक्याने ढकललं तर तुकडा अजून आत जातो.

दोन्ही तुकडे त्यांनी तळहातावर जुळवून दाखवले, चीर बरोबर सगळ्यात खोल खाचेवर, आणि चिरेचा अर्धा भाग काळा पडलेला, म्हणजे ती बरेच दिवस तुटत होती. मी म्हटलं यावरूनच नवी करून द्या, तर नाही म्हणाले, झिजलेलीवरून केली तर झीज पण उतरते, कपाटात कंपनीची ओरिजिनल असेल ती शोधा. ती शोधायला मला अर्धा तास लागला आणि ते दारात बसून राहिले.