जळगावात जनसंपर्क शिकायचाय? अर्ज, कागदपत्रं आणि १२० तासांचं काम

जनसंपर्क शिकायचा तर पुणे-मुंबईच गाठायची, असं खान्देशात अजून बऱ्याच घरांत मानतात. पण जळगावला, बांभोरीजवळ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. ते १९९० साली सुरू झालं आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे येतात. तिथे पत्रकारिता व जनसंवादाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि जनसंपर्क त्याच अभ्यासात येतो.

पात्रतेचं फार टेन्शन घेऊ नका. कुठल्याही शाखेची पदवी चालते. बीएस्सी किंवा कृषी झालेल्यांनी तर जरूर यावं. केळीवरचा रोग लोकांना समजेल अशा भाषेत सांगणारी माणसं आपल्याकडे हवीच आहेत. गुणांची अट आणि शेवटची तारीख त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा. मुलं अडतात ती कागदपत्रांपाशी. पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, फोटो हे असतंच. मुक्त विद्यापीठातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, ते निकालानंतर लगेच मागून घ्या. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता, आणि प्रवर्गानुसार नॉन क्रीमीलेयर. त्याची मुदत संपलेली नाही ना, हे आजच काढून बघा. एबीसी आयडी, म्हणजे आपले श्रेयांक (क्रेडिट) जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरवरून घरबसल्या निघतो. त्यातलं नाव गुणपत्रिकेशी जुळायला हवं.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून घ्या आणि बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडच्यांनी ती सोडू नये.

आता खरा अभ्यास. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची असते. त्यातले ४ श्रेयांक प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचे. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणून १२० तास. हे १२० तास माणूस घडवतात, असं मी अनुभवाने सांगते. रक्तदान शिबिराचं माझं पहिलं प्रसिद्धीपत्रक दोन पानांचं होतं आणि तारीख शेवटच्या ओळीत. संस्थेतल्या ताईंनी लाल पेनाने तारीख, वेळ, ठिकाण वर ओढून आणलं आणि दीड पान खोडून टाकलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

जागा निवडताना नावापेक्षा काम बघा. सहकारी संस्था, दवाखाना, शेतकरी कंपनी, जिथे रोज लोकांशी बोलावं लागतं तिथे जा. अहिराणी येत असेल तर तसं अर्जात ठळक लिहा. गावात सभा घ्यायची तर तिचा मोठा आधार होतो. विभागाचं पत्र नेऊन संस्थेचं संमतीपत्र आधी हातात घ्या, मगच कामाला लागा. कामाची नोंदवही रोज भरा: काय लिहिलं, कुणाला फोन केला, बातमी कुठे छापून आली. कात्रण त्याच पानावर चिकटवा. हजेरीवर आठवड्याच्या आठवड्याला सही-शिक्का घ्या. माझ्या एका मैत्रिणीने हे शेवटावर ठेवलं, तेवढ्यात सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली आणि तिला महिनाभर खेटे घालावे लागले.

अहवाल विभागात जमा केला की पोचपावती मागा, तिच्यावर तारीख घालून घ्या.