वागणं बदललं म्हणजे कल बदलला का?

पुरुषाला पुरुषांविषयी वाटणारं आकर्षण उपचारांनी घालवता येतं, असा दावा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: बदललं ते नेमकं काय? लैंगिक कल म्हणजे मन आणि शरीर आपसूक कुणाकडे ओढलं जातं ते. लैंगिक वर्तन म्हणजे माणूस कुणासोबत राहतो, काय करतो, काय टाळतो ते. वर्तनावर निश्चयाचा आणि धाकाचाही ताबा चालतो. आतली ओढ मात्र उपचारांनी वळवता येते, असा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

ब्रिटनमध्ये १९५२ साली गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना कृत्रिम स्त्री-हार्मोन घ्यावं लागलं. अशा औषधाने कामेच्छा दबते, तिची दिशा बदलत नाही. १९६०च्या दशकात पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके दिले जात, अपोमॉर्फिन टोचून उलट्या घडवल्या जात. त्यातून काही जण त्या चित्रांना घाबरायला शिकले. स्त्रीविषयी ओढ काही त्यातून उगवली नाही. भीतीलाच सुधारणा म्हणण्याचा हा प्रकार मला अक्षम्य वाटतो.

चेकोस्लोव्हाकियातले डॉक्टर कुर्ट फ्रॉइंड यांनी स्वतः असे उपचार करून पाहिले होते. त्यांच्याकडच्या काही पुरुषांनी पुढे लग्नंही केली. कागदावर हे यशच! पण लग्न हे वर्तन आहे, आणि पुढचा पाठपुरावा पाहून फ्रॉइंड यांनीच या उपचारांची साथ सोडली.

अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या २००३च्या अभ्यासाचा बराच गाजावाजा झाला. ‘मी बदललो’ असं सांगणाऱ्या सुमारे २०० जणांच्या फोनवरच्या मुलाखती, एवढाच त्याचा आधार. सांगणारा कल बदलल्याचं सांगतोय, की स्वतःला आवरल्याचं, हे पडताळायची सोयच त्यात नव्हती. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी ही उणीव मान्य करून समलैंगिक समुदायाची माफी मागितली. त्याच वर्षी, असा बदल शक्य आहे असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या ‘एक्झोडस इंटरनॅशनल’चे प्रमुख अ‍ॅलन चेंबर्स म्हणाले की त्यांना भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचा कल बदललेला नाही. २०१३ मध्ये ती संस्था बंद झाली.

काहींचं आकर्षण आयुष्याच्या ओघात आपोआप थोडंफार सरकतं, हेही खरं. पण आपोआप सरकणं वेगळं आणि कुणीतरी ठरवून सरकवणं वेगळं. पहिल्याचा दाखला देऊन दुसरं विकणं ही फसवणूक आहे, आणि ती महागात पडते: अशा उपचारांतून गेलेल्यांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले आहेत.

मग घुसमट होत असलेल्या पुरुषाने मदत मागूच नये का? जरूर मागावी. त्याची घुसमट खरी आहे आणि तिच्यावर उपाय होऊ शकतो. समलैंगिकता स्वतः आजार नाही; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली. चांगला समुपदेशक अपराधभाव, एकटेपणा, घरच्यांची भीती यांवर काम करतो. एखाद्याला श्रद्धेपोटी ब्रह्मचारी राहायचं असेल, तर तो त्या निर्णयाचाही मान राखतो, कारण तो निर्णय वर्तनाचा आहे आणि ज्याचा त्याचा आहे. ओढ घालवून देण्याचं वचन मात्र तो देत नाही. असं वचन पहिल्याच भेटीत मिळालं, तर दुसऱ्या भेटीला जाऊ नये.