पाच अधिक सात, कधी बारा कधी सी

पहिल्या रात्री पाच आणि सातची बेरीज बारा आली. दुसऱ्या रात्री तोच प्रोग्रॅम, तेच आकडे, तोच बोर्ड, आणि उत्तर आलं ‘सी’.

हे घडलं सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर. एका कोपऱ्यात भडंगाचा डबा, दुसऱ्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न आणि मधे किम-वनची नक्कल. किम-वन हा अमेरिकेतल्या मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने १९७६ साली काढलेला, एकाच बोर्डवर मावणारा संगणक. किंमत २४५ डॉलर. पडदा नाही, टाइपरायटरसारखा कीबोर्ड नाही. २३ बटणं आणि जुन्या कॅल्क्युलेटरसारखे सहा लाल आकडे, एवढाच संसार. मेमरी ११५२ बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला आज तीन बाइट लागतात, म्हणजे हा परिच्छेदही त्यात मावला नसता. गंमत अशी की मूळ किम-वन जोडून तयार मिळायचा. सुटे भाग मागवून तो जोडत बसायची हौस आपली.

त्याच्या पोटातली मुख्य चिप ६५०२. इंटेलची ८०८० ही चिप १९७४ मध्ये ३६० डॉलरच्या यादी-किमतीला आली होती, तर मॉसच्या चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ६५०२ नुसत्या २५ डॉलरला काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मांडवात विक्रीला बंदी होती, म्हणून हॉटेलच्या खोलीत बरणी भरून चिपा ठेवल्या आणि तिथून विकल्या. बरणी भरलेली दिसावी म्हणून तळाशी बाद चिपा होत्या, असं पेडल पुढे स्वतःच सांगत. लोणच्याच्या बरणीत खाली नुसता खार असावा, तसं.

६५०२ आजही मिळते. अडतं ते ६५३० या दुसऱ्या चिपपाशी. मूळ बोर्डवर अशा दोन असत आणि प्रत्येकीत १०२४ बाइटचा कायमचा प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला असे. ती आता बनत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रातली काढून बसवावी तर तिच्यात कोरलेलं वेगळंच. म्हणून माझ्या किटमध्ये तिच्या जागी ६५३२ ही तिची बहीण आहे आणि तो प्रोग्रॅम वेगळ्या ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये, भरलेला आहे. म्हणजे भाग बदलले, पण ती २०४८ बाइट अक्षरशः तीच. बटण दाबलं की काय करायचं, आकडा कसा उजळायचा, हे सगळं त्यांत लिहिलेलं आहे. माझ्या मते खरी नक्कल तेवढीच, बाकी सांगाडा.

जोडणीला चार रात्री गेल्या. त्यातली एक पूर्ण रात्र तिसऱ्या आकड्याने खाल्ली, तो पेटेचना. सहाही आकडे एकदम कधीच पेटत नाहीत. एका वेळी एकच पेटतो, पण फेरी इतकी झटपट फिरते की आपल्या डोळ्याला सहाही सलग दिसतात. म्हणजे एकच आकडा बंद असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर. मीटर बीपवर ठेवून पाय तपासत गेलो. एका पायाशी सोल्डरचा गोळा छान गोल बसला होता आणि तिथेच मी फसलो. नीट बसलेला सोल्डर पायाला बिलगून उताराने पसरतो. गोळा होऊन राहिला की समजावं, तो नुसता टेकलाय. ड्राय सोल्डर. पुन्हा गरम केला, आकडा आला.

मग प्रोग्रॅम. मशीनच्या भाषेतच, एकेक बाइट बटणांनी भरायचा: १८, ए५, ००, ६५, ०१, ८५, एफए... एकूण चौदा बाइट. मेमरीतल्या प्रत्येक घराला पत्ता असतो; पत्ता ०००० मध्ये पाच, ०००१ मध्ये सात. ‘गो’ दाबलं आणि डावीकडच्या चार घरांत ००१२ उमटलं. मी ओरडलोच. आई डोकावून म्हणाली, “पाच आन् सात बारा सांगायला चार रात्री जागलास व्हय?”

दुसऱ्या रात्री मधेच वीज गेली. या मेमरीतलं सगळं विजेबरोबर जातं, म्हणून चौदा बाइट पुन्हा भरले. उत्तर: ०००सी.

आता यातलं बरोबर कुठलं? हा संगणक सोळाच्या पाढ्यात मोजतो. नऊनंतर ए, बी, सी. बारा म्हणजे सी. तेव्हा दुसरं उत्तर बरोबर आणि ज्यावर मी ओरडलो ते चूक! चूक तरी कसं म्हणावं, कारण ६५०२ ला दशमान बेरीज मुद्दाम शिकवलेली आहे. तिच्यात ‘डी’ नावाची एक बिट-खूण असते. ती उभी असेल तर बेरीज नवाच्या पुढे गेली की चिप आणखी सहा मिळवते. बारात सहा अठरा, आणि सोळाच्या हिशोबात अठरा लिहितात ‘१२’, म्हणजे एक सोळा आणि वर दोन. यार्डातल्या हळदीच्या पोत्याचं वजन दाखवणाऱ्या काट्यासारख्या यंत्राला अशीच बेरीज सोयीची.

पण ती खूण उभी कुणी केली? मी तर नाही. ‘गो’ दाबल्यावर किम-वन या खुणा मेमरीच्या ००एफ१ या घरातून उचलतो (तिथे ०८ असेल तर ‘डी’ उभी, ०० असेल तर आडवी), आणि ते घर सुरुवातीला कुणीच साफ करत नाही. वीज येताच मेमरीची प्रत्येक पेशी शून्याकडे झुकते किंवा एकाकडे. तिच्यातल्या ट्रान्झिस्टरांमधला किंचितसा फरक ते ठरवतो. बहुतेक पेशी दर वेळी एकाच बाजूला पडतात, पण काहींचा तराजू इतका समतोल असतो की आज इकडे, उद्या तिकडे. माझ्या नशिबी नेमकी तीच पेशी आली. ‘रीसेट’ दाबून उपयोग नाही, त्याने मेमरी पुसत नाही. एफ१ मध्ये हाताने ०० भरायचं, असं मूळ पुस्तिकेतही सांगितलेलं होतं. मी पुस्तिका वाचली होती, पण ती ओळ नाही.

आता मी दर वेळी ०० भरतो. फक्त आई टेबलाशी आली की ०८.